जॉइंट खातं, एक सही

हल्ली जोडपी पार कोरियापर्यंत फिरून येतात आणि शेजाऱ्यांना फोटो दाखवून छळतात. अशा वेळी आमच्यासारखा गारगोटीकर पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ (१९६०) किंवा ‘पूर्वरंग’ (१९६३) उघडून बसतो. पहिल्यात विलायत, दुसऱ्यात बाली-जपान. स्वतःची फजिती सांगता सांगता तिथली माणसं दाखवायची, ही पु. लं.ची हातोटी, स्थळांची यादी वाचणाऱ्यांना ती कुठली साधायला?

पण आम्हां बँकवाल्यांना एक नोंद खटकते. प्रवास दोघांचा, म्हणजे खातं जॉइंट. सही मात्र एकाचीच! सुनीताबाई भेटतात त्या पु. लं.च्या विनोदातून. त्यांचं स्वतःचं ‘आहे मनोहर तरी’ यायला १९९० साल उजाडलं. तेव्हा मंडळी, सहलीहून आलात की दुसऱ्या खातेदारालाही विचारा, ‘तुला काय दिसलं गं?’