समस्या व निवारण : एक रसग्रहण

मराठीत समीक्षेला तोटा नाही. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघतात आणि त्यावर चारशे पानांचा प्रबंध होतो. पण एक साहित्यप्रकार असा आहे, की त्याचा वाचकवर्ग कवितेच्या कितीतरी पट मोठा. तो रात्री अकरा वाजता टीव्हीच्या मागे पालथे पडून, दातांत टॉर्च धरून वाचला जातो. त्याच्या ओळीओळीला वाचकाच्या तोंडून उत्स्फूर्त उद्गार निघतात. आणि तरीही एकाही समीक्षकाने त्याची दखल घेतलेली नाही. हा प्रकार म्हणजे यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेचे शेवटचे पान : 'समस्या व निवारण'.

मी बी.कॉम. माणूस. आमच्या अभ्यासक्रमात रसग्रहण नव्हते, ऑडिटिंग होते. पण दोन रकान्यांचे कुठलेही लिखाण समोर आले की डावी बाजू उजवीशी जुळते का, हे पाहण्याची खोड बँकेने मला लावली आहे. आणि हे पान दोन रकान्यांचेच असते. डावीकडे समस्या, उजवीकडे निवारण. जमा-खर्चच म्हणा ना!

प्रस्तुत नमुना ज्या यंत्राबरोबर आला ते अंगठ्याएवढे आहे. त्याचे डोके कॉम्प्युटरच्या भोकात जाते आणि मागे पिवळी, पांढरी, लाल अशी तीन शेपटे लोंबतात. डिशच्या बॉक्समधून निघणारा कार्यक्रम कॉम्प्युटरात साठवून ठेवणे हे त्याचे जीवितकार्य. पुस्तिका चार पानांची. पहिली तीन पाने वधूपक्षाने मुलीविषयी लिहावे तशी आहेत. चौथे पान लग्नानंतरचे.

मला हे पान पाठ होण्याइतके वाचावे लागले ते मावशीमुळे. वरळीचे दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. पुढे ऐंशीच्या दशकात कधीतरी तिथे आमच्या मावशीच्या महिला मंडळाचा भोंडला चित्रित झाला. तो जुना कार्यक्रम नवरात्रात सह्याद्रीवर पुन्हा दाखवणार, असे समजले. मावशी जाऊन चार वर्षे झाली. पहिल्या वेळी कार्यक्रम लागला तेव्हा काकांची दुसरी पाळी होती, आणि व्हिडिओ रेकॉर्डर ही वस्तू आमच्या नात्यात कुणाकडेच नव्हती. म्हणजे काकांनी तो कधी पाहिलेलाच नाही. आता त्यांचे वय ८६. मला एवढेच म्हणाले, "तिचे फोटो खूप आहेत रे. पण चालतानाचा एकही नाही."

तेव्हा आठ दिवस आधीपासून मी रंगीत तालीम सुरू केली. शेतीविषयक सल्ला, बातम्या, जे लागेल ते पकडायचे. इथून पुढे समीक्षा.

पानाची पहिली ओळ : 'यंत्र चालत नाही — वीजपुरवठा सुरू आहे का पाहा.' या प्रकारातल्या प्रत्येक कृतीची सुरुवात हीच असते. पोथीच्या आरंभी गणेशवंदन असावे तशी. फरक इतकाच की इथे वंदनाऐवजी वाचकाची अक्कल काढलेली असते.

दुसरी ओळ : 'चित्र दिसत नाही — केबल घट्ट बसवा.' या ओळीवर माझा मुख्य आक्षेप आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. मुलाच्या मित्राचे एक महागडे यंत्र होते, एचडीएमआयच्या चपट्या केबलवर चालणारे. त्याच्याही पुस्तिकेत अक्षर न् अक्षर हेच वाक्य होते. केबल घट्ट बसवली. चित्र काळे. आणखी घट्ट बसवली. आणखी काळे. वस्तुस्थिती अशी की या केबलवर बहुतेक वेळा एचडीसीपी नावाचे कुलूप असते. बॉक्स पलीकडच्या यंत्राला आधी परवलीचा शब्द विचारतो. टीव्हीला तो माहीत असतो, साठवून ठेवणाऱ्या यंत्राला नसतो. मग बॉक्स चित्र देतच नाही. म्हणजे हा बिघाड नव्हे, बंदी आहे! आणि बंदीला बिघाडाच्या रकान्यात घालणे ही या साहित्यप्रकारातली सर्वांत मोठी अप्रामाणिकता होय. लॉकरला कोर्टाचे सील असताना ग्राहकाला 'किल्लीला जरा तेल घाला' म्हणून घरी पाठवणारा क्लार्क आमच्या शाखेत एक दिवस टिकणार नाही. 'हे मुद्दाम बंद केलेले आहे' अशी एक ओळ छापली असती तर माझे तीन दिवस वाचले असते.

बंदी असावी की नसावी हा वाद वेगळा, आणि तो जुना आहे. घरी पुढे सवडीने पाहण्यासाठी केलेले चित्रमुद्रण हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. आपल्या १९५७ च्या कायद्यातही ५२ व्या कलमात खाजगी उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने वाईट हेतूने कुलूप फोडणाऱ्याला शिक्षाही ठेवली आहे. मी बँकेतला माणूस. कुलूप दिसले की माझा हात आपोआप मागे येतो. मी तीन शेपट्यांच्या यंत्राकडे परतलो.

तिसरी ओळ : 'चित्र रंगीत नाही किंवा सरकते — योग्य प्रणाली निवडा.' योग्य कोणती, ते गुलदस्त्यात. आपली प्रणाली पाल : ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेची एनटीएससी : ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रे. यंत्र पुडक्यातून निघते तेच अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन. त्यामुळे आमचा शेतीतज्ज्ञ पडद्यावर काळापांढरा उगवला आणि वर वर सरकत राहिला. भारतात टीव्हीला रंग आला १९८२ साली, एशियाडच्या वर्षी. तो रंग एका चुकीच्या खुणेने पुसून आम्हांला चाळीस वर्षे मागे नेण्याची या यंत्राची ताकद लहानसहान नव्हे. खूण बदलली, सोयाबीन हिरवे झाले.

चौथी ओळ आवाजाची, आणि इथे लेखकाची प्रतिभा पार आटली आहे. 'आवाज व चित्र जुळत नाही — कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.' आता बघा, पिवळे शेपूट फक्त चित्र आणते. आवाज पांढऱ्या-लालमधून येतो. पुष्कळदा चित्राची मोजदाद एक घड्याळ करते आणि आवाजाची दुसरे. दोन कारकून, दोघांची मनगटी घड्याळे वेगळी, आणि दोघांत बोलणे नाही. सुरुवातीला सगळे ठीक असते. तासाभराने निवेदिकेचे ओठ मिटतात आणि मग तिचा 'नमस्कार' ऐकू येतो. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केल्याने होते एवढेच, की फरक शून्यापासून पुन्हा साठायला लागतो. ताळा न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्याचाच हा प्रकार. मी स्वतः ते खाते हाताळतो, त्यामुळे ही युक्ती मला कोणी शिकवू नये.

मात्र जागेचा हिशेब पानावर नाहीच. तो मी केला. आपल्या प्रणालीचे न आवळलेले चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ चित्रे : २ कोटी ७ लाख ३६ हजार बाइट दर सेकंदाला. तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट! त्यातून डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीची असेल तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल ती घेतच नाही. म्हणजे साडेतीन मिनिटे होण्याआधीच मुद्रण बंद. भोंडल्यात तेवढ्यात हत्तीच्या पाटाची पूजासुद्धा उरकत नाही. 'मध्येच बंद पडते — जागा मोकळी करा,' म्हणून मी मुलाचे खेळ पुसले. घरात जे व्हायचे ते झाले.

आणि दातेरी कडा! पाल चित्र अर्धे-अर्धे येते. आधी विषम रेषा, मग सम, असे सेकंदाला पन्नास अर्धे. माणूस स्थिर असेल तर दोन्ही अर्धे जुळतात. हलला की त्याच्या कडेला फणीचे दात फुटतात. मंत्री खुर्चीत बसलेले असतात, त्यांना काही होत नाही. फेर धरणाऱ्या बायकांचे मात्र हात म्हणजे नुसत्या फण्या होणार. याला उपाय आहे, डी-इंटरलेस नावाची खूण करायची. पानावर शब्द नाही.

पण या सगळ्या ओळींपेक्षा मोठा दोष म्हणजे चित्र येते कुठून, ही कथाच या पानात नाही. ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आपल्या गच्चीवर उतरतात ते आकडेच. स्वच्छ, आवळलेले, तयार हिशेब. बॉक्स त्या आकड्यांची लाट करतो आणि पिवळ्या तारेत सोडतो. आमचे यंत्र त्या लाटेचे पुन्हा आकडे करते. म्हणजे टाइप केलेला ताळेबंद एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने ऐकून हाताने उतरवायचा! मूळ कागद टेबलावर पडलेला असताना! जी वाहिनी मुक्त आहे, कुलूपबंद नाही, तिचे मूळ आकडे सरळ उचलून ठेवता येतात. साध्या चित्राला तासाला दीड-दोन गिगाबाइट पुरतात, घड्याळांचे भांडण होत नाही, प्रणाली विचारावी लागत नाही. हे पान लिहिणाऱ्याला ते ठाऊक असणार. पण ते लिहिले तर यंत्र कोण घेईल?

शेवटची ओळ : 'समस्या कायम राहिल्यास विक्रेत्याशी संपर्क साधा.' लेखकाने हात टेकले ती ही ओळ, आणि साऱ्या पानात खरी ठरली ती हीच. लॅमिंग्टन रोडच्या त्या पोऱ्याने माझी आठ दिवसांची कहाणी दीड मिनिट ऐकली.

"साहेब, फुकटवाल्या डिशचा बॉक्स आहे का कोणाकडे?"

"आमच्या काकांकडे आहे."

"मग त्याला बाजूला भोक असेल बघा. पेनड्राइव्ह घाला, रिमोटचं रेकॉर्डचं बटण दाबा. हे यंत्र परत घेणार नाही पण आम्ही."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हस्ताचा पाऊस लागला. हा पाऊस आणि डिशच्या लहरी यांचे हाडवैर. पूर्वी अँटेना होता तेव्हा पावसात पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणसे दिसायची. आता एक तर लख्ख दिसते, नाही तर चौकोन. निवेदन चालू असताना दोनदा चौकोन झाले. मी, ही आणि मुलगा बॉक्सच्या दिव्याकडे पाहत बसलो. काका पडद्याकडे. मग पाऊस ओसरला आणि फेर सुरू झाला. डावीकडून चौथी, हिरव्या काठाची साडी. ती समोरून जायची, पाठमोरी व्हायची, पुन्हा यायची.

कार्यक्रम संपल्यावर पेनड्राइव्हवरून तोच पुन्हा लावला. सगळे आले होते, आवाजासकट, ओठाला ओठ लागून.

"ही नेहमी उलटा पाय टाकायची," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "थांबवता येतं का रे?"

मी थांबवले. मावशी एक हात वर धरून उभी राहिली. काकांनी चष्मा पुसला, पुढे सरकून पाहिले.

"बरं, चालू दे आता. तिला उभं राहायचा कंटाळा असे."