दहा बरे झाले, पण कशामुळे?

तर्क चुकला तरी औषध बरोबर सापडू शकते, याचे उदाहरण म्हणून विजेच्या झटक्यांची गोष्ट सुगम विज्ञानाच्या पुस्तकांत मोठ्या हौसेने सांगितली जाते. गोष्ट चटकदार आहे. पण ती सांगताना मधला सर्वांत महत्त्वाचा भाग गाळला जातो, अशी आमची तक्रार आहे.

बुडापेस्टचे डॉ. मेडुना मृत रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. अपस्माराच्या रुग्णांत त्यांना ग्लिया पेशी जास्त दिसल्या, छिन्नमनस्कांत कमी. मग हे दोन आजार एकमेकांचे वैरीच असणार, एक आणला की दुसरा पळेल, असे त्यांनी ठरवले. जानेवारी १९३४ मध्ये कापराचे इंजेक्शन देऊन त्यांनी एका छिन्नमनस्क रुग्णाला मुद्दाम फेफरे आणले. पुढे कापराऐवजी कार्डियाझोल आले आणि १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती व बिनी यांनी औषधाऐवजी वीज वापरली. डोक्यातून वीज सोडली तर माणूस मरणार नाही, हा धीर चेर्लेत्तींना कत्तलखान्यातल्या डुकरांवरून आला. तिथे विजेने डुकरे मरत नसत, नुसती बेशुद्ध पडत. मारत असे तो सुरा.

मेडुनांनी आपल्या पहिल्या २६ रुग्णांचा हिशेब दिला तो असा: १० बरे, ३ सुधारले, १३ जसेच्या तसे. हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारावे, यावरून काय सिद्ध होते? बहुतेक मुले म्हणतील, निम्मे सुधारले, म्हणजे उपाय चांगला. नववीतली एखादी मुलगी मात्र विचारील, फेफरे न आणता ठेवलेले २६ कुठे आहेत? ते कुठेच नव्हते. छिन्नमनस्कतेचे काही रुग्ण, विशेषतः आजार नवा असताना, आपोआपही सावरतात. शिवाय वर्षानुवर्षे ज्यांच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, त्यांच्याभोवती एकाएकी डॉक्टर-परिचारिकांची वर्दळ सुरू झाली होती. आणि ‘बरा झाला’ हे ठरवत होते तेच, ज्यांनी उपचार केला. मेडुनांचा तो पहिला रुग्ण पुरता बरा झाल्याचे दशकानुदशके छापले गेले. अलीकडे संशोधकांनी जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा तो बरा न होता १९४५ मध्ये इस्पितळातच वारल्याचे दिसले. रोमच्या पहिल्या रुग्णालाही आजाराने पुन्हा गाठले. पहिला झटका अपुरा पडल्यावर ‘पुन्हा नको’ असे तो स्पष्ट बोलला होता, हे खुद्द चेर्लेत्तींनी नंतर लिहिले आहे. झटका तरीही दिला गेला.

किंमतही लहान नव्हती. कार्डियाझोल दिलेल्या ५१ रुग्णांची १९३९ मध्ये अमेरिकेत क्ष-किरण तपासणी झाली; त्यांतल्या सुमारे ४३ टक्क्यांच्या मणक्यांना तडे गेलेले होते.

तुलनेचा गट नसला की काय होते, हे पाहायचे तर शेजारच्या इन्सुलिन-उपचाराकडे पाहावे. साकेल यांनी इन्सुलिनने रुग्णांना बेशुद्ध करण्याची पद्धत रूढ केली. तिचेही आकडे असेच झकास होते आणि वीसएक वर्षे ती जगभर चालली. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये काही रुग्णांना इन्सुलिनने व काहींना साध्या झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले गेले. निकालात फरक निघाला नाही! इन्सुलिन-उपचार यथावकाश मोडीत निघाला.

विजेचे तसे झाले नाही, आणि इथेच गोष्ट खरी रंगते. १९६५ च्या ब्रिटिश चाचणीत विषण्णतेच्या सुमारे २५० रुग्णांमध्ये झटके हे औषधांपेक्षा आणि खोट्या गोळीपेक्षा सरस ठरले. मग लंडनजवळ ७० रुग्णांची चाचणी झाली (१९८०). सर्वांना भूल दिली, वीज मात्र निम्म्यांनाच. वीज मिळालेले जास्त सुधारले, पण फरक अपेक्षेपेक्षा लहान होता, आणि उपचार संपल्यावर महिन्याभराने तो उरला नाही. अशा सहा चाचण्यांतल्या २५६ रुग्णांचे निकाल २००३ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा उपचार संपतेवेळचा खरा लाभ पक्का झाला. म्हणजे ज्या छिन्नमनस्कतेसाठी हा उपाय शोधला, तिच्यापेक्षा तीव्र विषण्णतेत तो अधिक उपयोगी ठरला. स्मृतिभ्रंशाची तक्रार अजूनही आहे. मूळ तर्क तर उलटाच निघाला: अपस्माराच्या रुग्णांत छिन्नमनस्कतेसारखी लक्षणे कमी नव्हे, जास्तच आढळतात.

तेव्हा ‘चुकीच्या तर्कातून बरोबर औषध’ हे वाक्य आम्हांला अर्धवट वाटते. बरोबर काय, हे १९३८ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते. ते कळायला चाळीसएक वर्षे लागली, आणि त्या वर्षांत हजारो लोकांनी भूल व स्नायू सैलावणारे औषध न घेता झटके सोसले. आपल्या देशात तसे झटके देण्यास कायद्याने बंदी आली ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात.