एकविसावें प्रकरण

इंग्रज कादंबरीकार अँथनी बर्जेस यांची 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही कादंबरी १९६२ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली तेव्हां तिचीं प्रकरणें एकवीस होतीं. पुढल्या वर्षीं ती अमेरिकेंत निघाली, तेव्हां वीसच उरलीं. शेवटलें प्रकरण तेथील प्रकाशकानें गाळलें. स्टॅन्ली क्यूब्रिक यांचा १९७१ सालचा बोलपट याच वीस प्रकरणांवर बेतलेला आहे, आणि आपल्याकडे या कथेचा परिचय बहुधा त्या बोलपटावरूनच होतो. गाळलेलें प्रकरण अमेरिकन वाचकांच्या हातीं पडावयास १९८६ साल उजाडावें लागलें. एका प्रकरणानें असें काय बिघडलें, असें कोणी विचारील. आमच्या मतें त्यायोगें कादंबरीचा प्रश्नच पालटला. अत्याचार करणारा मुलगा पुढें निराळा माणूस होऊं शकतो कीं नाहीं, हा मूळचा प्रश्न. वीस प्रकरणांच्या प्रतींत तो विचारलाच जात नाहीं.

कथेचा निवेदक अ‍ॅलेक्स हा पंधरा वर्षांचा मुलगा. तो रात्रीं टोळी घेऊन हिंडतो, एका लेखकाच्या घरांत शिरून त्याच्या देखत त्याच्या पत्नीवर अत्याचार करतो, आणि दहा-दहा वर्षांच्या दोन मुलींना घरीं आणून, मद्य पाजून, त्यांची विटंबना करतो. हें सारें तो खेळकर टोळीभाषेंत सांगतो, आणि त्या भाषेच्या नादांत वाचक त्या मुलींचें रडणें ऐकावयाचें विसरूं लागतो. हा बर्जेसचा डाव आहे. तो डाव कळण्याइतकें वय वाचकाचें असावें, एवढेंच आम्ही म्हणूं. क्यूब्रिकनें मात्र येथें जें केलें तें आम्हांस अक्षम्य वाटतें. त्यानें अ‍ॅलेक्सची भूमिका सत्ताविशीच्या नटास दिली, आणि त्या दोन बालिकांच्या जागीं राजीखुषीनें आलेल्या थोराड मुली घालून तो प्रवेश धांवत्या चित्रांचा विनोद करून टाकला. अपराधी मूल राहिला नाहीं आणि अपराध अपराध राहिला नाहीं. उरला तो एक देखणा दैत्य, ज्याच्याकडे पाहून भ्यावें किंवा टाळ्या वाजवाव्या. समजून घेण्याजोगें त्यांत कांहींच नाहीं.

वस्तुतः कादंबरींत समजून घेण्याजोगें पुष्कळ आहे. अ‍ॅलेक्सचे आईबाप दुष्ट नाहींत. ते नोकऱ्या करतात, थकून येतात, आणि मुलगा रात्रीं कोठें जातो हें विचारावयास भितात. त्याच्यावर देखरेख ठेवणारा सरकारी सल्लागार डेल्टॉइड त्याच्या घरीं खेपा घालतो खरा, परंतु त्याची काळजी मुलाची नसून स्वतःच्या कामगिरीवर डाग पडेल ही आहे. आणि मुलगा खुनाच्या आरोपांत सांपडतांच हा गृहस्थ त्याच्या तोंडावर थुंकतो. त्या थुंकण्यांत एका संबंध खात्याचें चित्र आलें आहे. पुढें तुरुंगांत 'लुडोविको' नांवाचा उपचार होतो. औषध टोंचून, डोळे उघडे ठेवून त्याला क्रौर्याचीं चित्रें दाखवावयाचीं, म्हणजे पुढें हात उगारतांच त्याला मळमळ सुटावी. तुरुंगाचा पाद्री तेवढा विचारतो कीं, ज्याला निवडतां येत नाहीं तो सज्जन कसा? सरकारला सज्जन नकोच असतो. रिकामी कोठडी हवी असते.

आणि मग तें एकविसावें प्रकरण. उपचाराचा प्रभाव उतरला आहे, अ‍ॅलेक्स अठरा वर्षांचा झाला आहे, नवी टोळी आहे, पण त्याला कंटाळा येऊं लागला आहे. जुना सोबती पीट बायकोसह भेटतो, तेव्हां आपल्यालाही घर असावें, मूल असावें असें त्याला वाटूं लागतें. एकवीस हा आंकडा बर्जेसनें मुद्दाम योजला. तें त्या वेळीं इंग्लंडांत मताधिकाराचें, म्हणजे जाणतेपणाचें वय होतें.

हा शेवट भाबडा आहे असें पुष्कळांनीं म्हटलें. पण पुरावा बर्जेसच्या बाजूचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉल्डवेल यांनीं २०१६ सालीं अशा अल्पवयीन अपराध्यांविषयींचीं शंभरांवर संशोधनें एकत्र तपासलीं. पुन्हां लैंगिक अपराध केल्याची नोंद शेंकडा पांचांच्या आंतबाहेर निघाली. नोंद म्हणजे सर्व घटना नव्हेत, हें खरें; तथापि अशा मुलाचा स्वभाव कायमचा ठरला, या समजुतीला त्यांत आधार नाहीं.

मग आमची तक्रार कशाबद्दल? वय वाढतें म्हणून मुलगा सुधारतो, एवढ्यावर बर्जेस थांबतो, याबद्दल. त्याच्या कादंबरींत दोनच वाटा आहेत: यंत्र आणि पंचांग. अशा मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणारांची वाट तिसरी आहे, आणि ती दोहोंपेक्षां अवघड आहे. मुलाला आपलें कृत्य सबबीवांचून, स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावणें. त्या कृत्याच्या आधीं मनांत काय काय चाललें होतें तें त्यालाच शोधावयास लावणें. तो स्वतः लहानपणीं कोणाच्या अत्याचारास बळी पडला असेल तर तें ऐकून घेणें, आणि तरीही ती सबब होऊं न देणें. आणि आईबापांना त्या खोलींत बसविणें. मिझूरींत चार्ल्स बॉर्ड्युइन यांनीं १९९० पासून प्रसिद्ध केलेले प्रयोग या शेवटच्या गोष्टीवरच, म्हणजे कुटुंबावर, उभे आहेत. अ‍ॅलेक्सला त्याचें कृत्य त्याच्याच तोंडून कोणी विचारलें आहे काय? त्याला पडद्यावर दुसऱ्यांचे अपराध दाखविले.

आमच्या देशाच्या कायद्यांतही हाच खांचखळगा आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या भयंकर प्रकरणांतील एक आरोपी अठरांस कांहीं महिने कमी होता. वयाची मर्यादा खालीं आणूं नये, असें न्यायमूर्ति वर्मा समितीनें जानेवारी २०१३ मध्यें सांगितलें. तरीही तो मुलगा तीन वर्षें भोगून सुटतांच, डिसेंबर २०१५ मध्यें नवा बालन्याय कायदा संमत झाला. सोळा पुरीं झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास, तो अपराध करण्याची शारीरिक व मानसिक पात्रता त्याला होती काय, परिणाम समजत होते काय, हें मंडळानें प्रथम पाहावयाचें. पात्रता पाहावयाची ती अपराध करण्याची. बदलण्याची पात्रता या पहिल्या दारांत कोणी विचारीत नाहीं. गंमत अशी कीं, तोच कायदा पुढें एकविसाव्या वर्षीं थांबतो, आणि मुलांत सुधारणा झाली काय, याची तपासणी बाल न्यायालयाकडून करवितो. म्हणजे आमच्या कायद्यालाही एकविसावें प्रकरण आहे. तें कोरें निघेल कीं नाहीं, हें मधल्या वर्षांत त्या मुलाजवळ कोण बसलें यावर अवलंबून राहतें, आणि तो माणूस कलमांनीं निर्माण होत नाहीं.

बर्जेसला या विषयाची झळ घरांत लागलेली होती. १९४४ सालीं तो जिब्राल्टरला असतां लंडनमध्यें पळपुट्या अमेरिकन सैनिकांनीं त्याच्या पत्नीवर हल्ला केल्याचें तो सांगत असे. कादंबरींतील लेखकाची पत्नी त्या हल्ल्यांतून आली आहे; पण तिला पुस्तकांत बोलावयास जागा मिळत नाहीं, आणि ती मेल्याचें आपणांस कळतें तेंही नवऱ्याच्या तोंडून. शेवटच्या प्रकरणांत अ‍ॅलेक्सच्या खिशांत वर्तमानपत्रांतून कापलेलें एका तान्ह्या मुलाचें चित्र असतें. आपला मुलगाही आपल्यासारखाच वागेल आणि आपल्याला तो आवरतां येणार नाहीं, या विचारानें तो खिन्न होतो. त्या दोन मुली एव्हांना तेरा वर्षांच्या झाल्या असाव्यात; त्यांची त्याला आठवण होत नाहीं.