कॉमोरियमचे टाळलेले देऊळ

अरण्यात हरवलेले देऊळ आणि त्यातला काळा देव ही अद्भुतकथेतली वापरून गुळगुळीत झालेली जागा. म्हणूनच क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ (१८९३–१९६१) या कॅलिफोर्नियातील कवी-कथाकाराची ‘द टेल ऑफ सताम्प्रा झायरॉस’ ही कथा मी बरीच वर्षे त्याच माळेतली समजत होतो. ती माझी चूक होती.

कथा हिमयुगापूर्वीच्या हायपरबोरिया या कल्पित उत्तरदेशात घडते. उझुलदारूम नगरातले दोन चोर कंगाल झाले आहेत. उरल्यासुरल्या पैशांत भाकरी घ्यावी की मद्य, असा प्रश्न पडतो आणि ते मद्य घेतात. त्या तारेत ओसाड पडलेली जुनी राजधानी कॉमोरियम लुटण्याचा बेत ठरतो. तिथे त्साथोग्गुआचे देऊळ आहे. बेडूक, वटवाघूळ आणि स्लॉथ यांची सरमिसळ असलेली सुस्त, मेदस्वी मूर्ती आणि पुढ्यात काळ्या दाट द्रवाने भरलेले काशाचे पात्र. मूर्ती शेवटपर्यंत हलत नाही. उठते ते पात्रातले काळे.

आता ‘हरवलेले’ हा शब्द तपासू. कॉमोरियम एका दिवसाच्या वाटेवर आहे. तिथे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच कोणी जात नाही. पूजा थांबली आहे, पण अरण्यातली जनावरे तिथे येऊन नमतात अशी लोकवदंता आहे. हे देऊळ हरवलेले नाही. ते लोकांनी टाळले आहे.

साहेबी साहसकथांत देऊळ ‘सापडते’ ते बाहेरच्याला. आपल्याकडचे उदाहरण अजिंठ्याचे. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला गेला आणि त्याने लेण्यांचा ‘शोध’ लावला. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. परिसरातल्या माणसांना लेणी माहीत होतीच. त्यांचे माहीत असणे मात्र इतिहासात मोजले गेले नाही. अ‍ॅश्टन स्मिथच्या कथेत (आडनावाचा योगायोग बाजूला ठेवू) असा बाहेरचा कोणी नाहीच. चोर त्याच समाजातले, कॉमोरियम सोडून आलेल्यांचेच वंशज. त्यांनी ऐकलेले सगळे खरे निघते. स्थानिकांच्या भयाला अंधश्रद्धा म्हणून हसणारी कथा आणि ते भय म्हणजे अनुभवातून आलेले ज्ञान मानणारी कथा, यांतला फरक मला मोलाचा वाटतो.

एक गंमत अशी की देव आधी छापला गेला आणि देऊळ मागून. हस्तलिखित वाचलेल्या लव्हक्राफ्टने त्साथोग्गुआचे नाव आपल्या कथेत घेतले. ती ‘वीअर्ड टेल्स’च्या ऑगस्ट १९३१च्या अंकात आली, तर स्मिथची कथा त्याच मासिकात नोव्हेंबरमध्ये.

पुढे १९३२मध्ये ‘द टेस्टामेंट ऑफ अथामाउस’मध्ये स्मिथने नगर ओस पडण्याचे कारण एका मारेकऱ्याच्या, म्हणजे राजाज्ञेने मुंडकी उडवणाऱ्याच्या तोंडून सांगितले. पहिल्या कथेत कारण होते केवळ एका भविष्यवाणीचे. इथे तोच दरोडेखोर शिरच्छेदानंतर पुन्हा पुन्हा परततो, आणि शेवटी लोक नगर सोडतात. कथा रंजक आहे, पण माझ्या मते तिने खुलासा फार केला. पात्रातले ते काळे काय होते, हे पहिल्या कथेत कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

तिथे चोर पळतात, रात्रभर अरण्यात धावतात आणि पहाटे पाहतात तर पुन्हा त्याच देवळासमोर. एकाचा अंत आतच होतो. दुसऱ्याचा उजवा हात मनगटापासून जातो. इंग्रज अधिकारी खांबावर नाव ठेवून आला. सताम्प्रा हात ठेवून आला. ही हकिकत आपण डाव्या हाताने लिहीत आहोत, हे तो आरंभीच सांगून टाकतो.