सडलेली फळी कोणी ठरवली?

आज आपण तत्त्वज्ञानातलं एक प्रसिद्ध कोडं वीजकेंद्रात घेऊन जाणार आहोत. ते कुठे अपुरं पडतं, हे तिथे लख्ख दिसतं.

कोडं आपल्या ओळखीचं आहे. थीसियसचं जहाज अथेन्सकरांनी जपलं. फळी कुजली की ते नवी बसवायचे. सगळ्या फळ्या बदलल्यावर जहाज तेच का? हा वाद प्लुटार्कने नोंदवून ठेवला. १६५५ मध्ये हॉब्जने त्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कोणतं?

आता उरणला चला. तिथल्या वायू विद्युत केंद्रात प्रत्येकी १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइन आहेत. त्यांच्या तापलेल्या धुरावर वाफ करून चालणारी, प्रत्येकी १२० मेगावॅटची आणखी दोन. असं गॅस टर्बाइन ठरावीक तास चाललं, किंवा ठरावीक वेळा चालू-बंद झालं, की ते पूर्ण उघडावं लागतं. याला म्हणतात मेजर ओव्हरहॉल. वरचं केसिंग उचलायचं, रोटर बाहेर काढायचा, हजार अंशांहून जास्त तापलेल्या वायूत फिरलेली पाती एकेक करून तपासायची. काही पाती दुरुस्तीला जातात, नवा लेप घेऊन परत येतात आणि कधी दुसऱ्याच यंत्रात बसतात. म्हणजे हॉब्जचं कोडं इथे भांडारातली रोजची नोंद आहे! त्यावर कुणाची झोप उडत नाही.

मग झोप कशाने उडते? नागसेन आणि मिलिंद राजाचा संवाद आठवा. रथ म्हणजे चाक नव्हे, आस नव्हे. या सगळ्यांवरून चालणारं ते एक नाव. नागसेन आपल्याला प्लुटार्कपेक्षा पुढे नेतो, कारण इथे भाग जितके महत्त्वाचे, तितकंच भागांमधलं अंतर महत्त्वाचं. पात्याचं टोक आणि केसिंग यांच्यात फट जास्त राहिली तर वायू कामाविना निसटतो. कमी राहिली तर पातं घासतं. भाग तेच, पण यंत्र ते नव्हे.

तरीही दोन्ही कोड्यांवर आमचा एक आक्षेप आहे. ती बघ्याची कोडी आहेत. फळी सडली आहे, हे त्यांत आधीच ठरलेलं असतं. ते कोणी ठरवलं? किती वेळ पाहून ठरवलं? ‘अजून चालेल’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा? हे प्रश्न कोडं विचारतच नाही. ओव्हरहॉल मात्र या प्रश्नांवरच उभं असतं.

कामाचं वेळापत्रक महिनोन् महिने आधी बनतं. सुटे भाग मागवले जातात, कंत्राटी माणसं ठरतात, दिवस मोजले जातात. यंत्र बंद राहिलं की प्रत्येक दिवसाची वीज जाते, मागची वाफही जाते. त्यामुळे ‘किती दिवस आधी संपवलं’ हीच कौतुकाची बाब होऊन बसते. इथेच आपली गफलत होते. वेळापत्रक बनतं ते यंत्र मिटलेलं असताना. यंत्र उघडतो ते कशासाठी? आत काय आहे ते ठाऊक नाही म्हणून. मग सापडेल त्याच्यासाठी वेळ, पैसा आणि माणसं राखून न ठेवता केलेली तपासणी म्हणजे केवळ उपचार. उत्तर आधी लिहून प्रश्न विचारण्यासारखंच ते.

उलट बाजूही पाहू. प्रत्येक चीर म्हणजे संकट नसतं. काही चिरा मर्यादेत असतात, आणि ‘पुढच्या शटडाऊनला बघू’ हा निर्णय रास्तही असू शकतो. पण चीर किती, मर्यादा कोणती, पुन्हा कधी पाहायचं, सही कोणाची, हे सगळं कागदावर हवं. आणि तो कागद पुढच्या माणसाच्या हातात पडायला हवा.

पडला नाही तर? उदाहरण वीजकेंद्राचं नाही, समुद्रातल्या तेल-वायूच्या फलाटाचं आहे. पण धडा तोच. ६ जुलै १९८८, नॉर्थ सीमधला पायपर अल्फा. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह देखभालीसाठी काढलेला होता आणि उघड्या तोंडावर नुसती तबकडी लावलेली होती. रात्रपाळीला हे कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच सुरू केला. त्या दुर्घटनेत १६७ माणसं गेली. व्हॉल्व्ह काढणं चूक नव्हतं. तो काढलाय, ही गोष्ट एका पाळीकडून दुसरीकडे पोचली नाही.

म्हणून आपण कोडं बदलून मांडू. ‘जहाज तेच का?’ हे नंतर. आधी हे विचारू, की फळी तपासणाऱ्याला ‘थांबा’ म्हणायची मुभा होती का, आणि त्याने म्हटलेलं कोणी ऐकलं का? ज्या वीजकेंद्रात याचं उत्तर ‘हो’ आहे, तिथलं ओव्हरहॉल चार दिवस लांबलं तरी आम्ही त्याला चांगलंच म्हणू.

आता आपण प्रश्न घेऊ.