प्रतिज्ञेवाचून निगमन : शालेय वैचारिक निबंधाचे स्वरूप

मराठी निबंधाच्या इतिहासात लोकहितवादी, चिपळूणकर, आगरकर यांचा विचार झाला. पुढे लघुनिबंध आणि ललितनिबंध यांच्या स्वरूपाचीही पुष्कळ चर्चा झाली. ज्याचे लेखन दरवर्षी लाखो हातांनी होते तो शालेय निबंध मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला. तो वाङ्मय नाही, हे त्याचे कारण सांगता येईल. परंतु शिकलेल्या मराठी माणसाला आपले मत मांडण्याचे पहिले, आणि बहुधा शेवटचे, रीतसर शिक्षण या लेखनप्रकारातूनच मिळते. म्हणून त्याची रचना काय शिकवते, हा प्रश्न समीक्षेचाच ठरतो.

वर्णन, आत्मवृत्त, कल्पनाविलास हे शालेय निबंधाचे इतर प्रकार बाजूला ठेवून येथे केवळ वैचारिक निबंधाचा विचार केला आहे. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा त्याचा प्रातिनिधिक विषय. विज्ञानाच्या जागी दूरदर्शन, संगणक, मोबाईल असे शब्द येत गेले. साचा बदलला नाही. सुभाषिताने प्रस्तावना, मग फायदे, मग तोटे आणि ‘अति तेथे माती’ या अर्थाचा समारोप, हा क्रम मार्गदर्शिकांनी इतका रुळवला आहे की समारोप विषय वाचण्यापूर्वीच तयार असतो.

या साच्यातील दोष विद्यार्थ्याच्या आळसाचा नाही. तो प्रश्नाच्या भाषेतच आहे. शाप आणि वरदान हे पौराणिक शब्द आहेत. शाप ऋषी देतो, वर देव देतो. घेणाऱ्याने तो निमूटपणे भोगायचा असतो. ही जोडी स्वीकारताच निर्णय कोणी घेतला, लाभ कोणाचा, किंमत कोणी मोजली, हे प्रश्न गळून पडतात. ‘धरणे : शाप की वरदान?’ या विषयावर सिंचन आणि वीज एका बाजूला, विस्थापन दुसऱ्या बाजूला मांडून ‘सुवर्णमध्य’ काढता येतो. परंतु १९२१ मध्ये मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तेव्हा वाद फायद्यातोट्यांच्या बेरजेचा नव्हता. वीज एकाची आणि बुडणारे शेत दुसऱ्याचे, हा तो वाद होता. शालेय निबंधातील ‘मानव’ किंवा ‘आपण’ हे सर्वनाम नेमका हाच भेद पुसते.

न्यायशास्त्राने परार्थानुमानाचे पाच अवयव सांगितले : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्याच परंपरेने सत्यशोधनासाठी होणारा वाद, जिंकण्यासाठी होणारा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी वितंडा असा भेद केला. शाळेतील वादविवाद स्पर्धा बाजू वाटून देते. ती जल्पाच्या जवळ जाते. वैचारिक निबंध मात्र तिन्हींत बसत नाही, कारण त्यात प्रतिपक्षच नसतो. सिद्ध करावी अशी प्रतिज्ञा नसते. उरते ते निगमन, तेही कोणालाच न दुखावणारे. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’तून (१८७४–१८८१) शाळेने भाषेचा डौल उचलला, प्रतिपक्षाला नावानिशी गाठण्याची रग उचलली नाही. ‘माले’तील खंडन पुष्कळदा जल्पाकडे झुकते, हे खरे, पण तेथे कोणीतरी कोणाशी तरी भांडत असतो.

शालेय निबंधाकडून याहून अधिक अपेक्षा करणे अवाजवी आहे काय? याचे उत्तर मराठीतील एका जुन्या शालेय निबंधातच सापडते. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मातंग मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. त्याचा आज होणारा गौरव मुख्यतः सामाजिक दस्तऐवज म्हणून होतो. त्याच्या युक्तिवादाकडे तेवढे लक्ष जात नाही. वेद आमचेच, इतरांना ते पाहण्याचाही अधिकार नाही, हे प्रतिपक्षाचे विधान मुक्ताबाई प्रथम खोडत नाही. ती ते मान्य करते आणि त्यातून प्रतिपक्षाला नको असलेला निष्कर्ष काढते : मग आमच्याकडे धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित आहोत. आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट ईश्वराला विचारते. यानंतर बाजीरावाच्या काळातील अत्याचारांच्या आठवणी आणि छपराविना होणारी बाळंतपणे येतात, ती करुणेसाठी नव्हे तर उदाहरणाच्या जागी. शेवटी ती स्वजनांकडे वळून विद्येचा आग्रह धरते. इंग्रजी राज्याविषयीची तिची कृतज्ञता तपासलेली नाही, ही या निबंधाची मर्यादा होय. तरी येथे प्रतिज्ञा आहे, हेतू आहे, आणि मुख्य म्हणजे ‘आम्ही’ हे सर्वनाम कोणाचे, याविषयी संदेह नाही.

मुक्ताबाईच्या वाट्याला आलेले दुःख प्रत्येक विद्यार्थ्याजवळ नसते आणि परीक्षेला सर्वांना तपासता येईल असा समान निकष लागतो, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु युक्तिवादाला असामान्य दुःख लागत नाही. खरा मतभेद लागतो. गावच्या जत्रेच्या वर्गणीतील काही भाग शाळेच्या ग्रंथालयाला द्यावा का, या प्रश्नात वर्गणी देणारा, पुजारी, दुकानदार आणि विद्यार्थी यांची हिते वेगळी आहेत. तेथे सुवर्णमध्य आयता मिळत नाही. तो काढायचा झाला तर कोणाला काय सोडावे लागेल, हे सांगावे लागते. निकषही अवघड नाही : लेखकाने आपला पक्ष एका वाक्यात सांगितला आहे का, विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा प्रामाणिकपणे मांडला आहे का, आणि त्याला उत्तर दिले आहे का. सुभाषितांच्या आणि अलंकारांच्या मोजणीपेक्षा ही तपासणी अधिक व्यक्तिनिष्ठ म्हणता येणार नाही.

शालेय निबंधातील समतोल विचाराचा परिपाक म्हणून येत नाही, विचाराऐवजी येतो. दहावीच्या उत्तरपत्रिकेत गिरवलेली ही सवय पुढे अग्रलेखांत, अध्यक्षीय भाषणांत आणि समीक्षेतही दिसते : दोन्ही बाजूंना तथ्य आहे असे म्हणून लेखणी खाली ठेवली जाते. मुक्ताबाईने ज्या शाळेत निबंध लिहिला तिने विद्यार्थिनीला आधी प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला होता. आजच्या प्रश्नपत्रिकेने विषयासोबत उत्तराचा साचाही दिला, तर पोकळ निबंधांचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येणार नाही.