धुके आणि दगड: व्हिस्लरचे ‘ब्रॉड ब्रिज’

लंडनमध्ये थेम्स नदीवर उभ्या असलेल्या जुन्या बॅटर्सी पुलाचे ‘ब्रॉड ब्रिज’ हे शिळामुद्रित चित्र जेम्स मॅकनील व्हिस्लर याने १८७८ मध्ये सिद्ध केले. त्यातील धुक्याची वाखाणणी करताना काव्यात्मता आणि जपानी मुद्राचित्रांचा प्रभाव या दोन गोष्टींचा निर्देश सामान्यतः केला जातो. दोन्ही विधाने खोटी नाहीत. परंतु हे धुके कशाचे घडले आहे, हा प्रश्न त्यांमुळे सुटत नाही.

शिळाछाप म्हटले की मराठी वाचकापुढे गेल्या शतकांतील पोथ्या व पंचांगे उभी राहतात. तेथे कोरा दगड म्हणजे पांढरा कागद आणि तेलकट शाईची रेघ म्हणजे अक्षर; या दोहोंमध्ये तिसरे काही संभवत नाही. व्हिस्लरची पद्धत लिथोटिंटची. टॉमस वे या मुद्रकाच्या साह्याने दगडावर आधीच एक करडी छटा चढविलेली असे. चित्रकार पातळ केलेल्या शाईने तीवर गडद भाग वाढवी आणि उजेड हवा तेथे ती छटा खरवडून काढी.

याचा अर्थ असा की, धुके येथे पुलावर पसरलेले नसून पूलच धुक्यातून निर्माण झाला आहे. व्याकरणात लोप पावलेला प्रत्यय दिसत नाही, पण त्याचे कार्य शिल्लक राहते. त्याचप्रमाणे येथे जे रेखाटलेले नाही, तेही रचनेचा भार वाहते. त्याच वर्षीच्या ‘टॉल ब्रिज’मध्ये पूल जवळून पाहिलेला असल्याने लाकडी सांगाडा पुढे येतो आणि छटा केवळ पार्श्वभूमी ठरते. तुलनेने ‘ब्रॉड ब्रिज’ श्रेष्ठ वाटते, ते यामुळेच.

हा भेद केवळ तंत्राचा नव्हे. रस्किनने १८७७ मध्ये व्हिस्लरच्या चित्रांवर अपुरेपणाचा आरोप केला. १८७८ च्या नोव्हेंबरातील खटल्यात, याच पुलाच्या तैलचित्रातील आकृती माणसांच्याच आहेत काय, असे चित्रकारास विचारले गेले. व्हिस्लर जिंकला, भरपाई मिळाली ती एका फार्दिंगची. जितके अधिक रेखाटन तितकी अधिक पूर्णता, हे त्या प्रश्नामागील गृहीत होते. ‘ब्रॉड ब्रिज’मध्ये ते टिकत नाही, कारण येथे चित्राचा आरंभच पूर्ण व्यापलेल्या छटेपासून होतो आणि उजेड वजाबाकीने येतो.

पुढे १८८५ मध्ये तो पूल पाडण्यात आला. त्यामुळे या चित्राकडे स्थळाची नोंद म्हणून पाहण्याचा मोह होतो. तथापि नोंदीचे मोल तपशिलावर अवलंबून असते. या चित्राचे मोल तपशील कोठे थांबावा, या निर्णयात आहे.